दोन उजेडांमधला अंधार

फैजपूर, ९ डिसेंबर १९८४
ही वही भुसावळच्या फलाटावर घेतली तेव्हा रोज लिहायचं ठरवलं होतं. दिवाळी गेली, आज पहिलं पान. आधी पेन नव्हतं, मग पेन होतं तर मन नव्हतं. शिंदखेड्याहून घरी न सांगता निघालो, धुळ्याला गॅरेजात, जळगावला दालमिलमध्ये, कुठेच टिकलो नाही. आता पारसमल शेठच्या फिरत्या टॉकीजमध्ये लागलोय. तंबू बाजाराच्या मैदानात. काल भरीत होतं, मिरची अशी की कान गरम झाले. हां, तर काम.

मशीनवर हिलालनाना असतात, म्हातारे, पुढचे दात पडलेले. मशीन जुनं, मंद पडलं की पडद्यावरचा उजेड लपलपतो. पब्लिक ओरडतं, नानांना काही दिसत नाही. ते म्हणाले, वय झालं की डोळा संथ होतो, दोन उजेडांमधला अंधार त्याला कळत नाही. म्हणून मधल्या खांबाशी तरणा माणूस बसवतात. लपलप दिसली की दोरी ओढायची, नानांकडे घंटी वाजते. फुकट सिनेमा आणि वर पगार.

१४ डिसेंबर
दारावर तिकिटं फाडणारा झुलाल पार वाकलेला आहे. मी विचारलं, बाबा, नातवंडं किती? कोणीच हसलं नाही. माझ्या आधी दोरी त्याच्याकडे होती म्हणे. म्हाताऱ्याला हे काम कोणी दिलं कोण जाणे.

२१ डिसेंबर
मागचे लोक ओरडले, "ओ दोरीवाले, झोपले का?" मला तर उजेड एकसारखा दिसत होता. घाईने दोरी ओढली. शेठनी नानांनाच झापलं, हात थरथरतात तर घरी बसा म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. चूक माझी, हे तोंडातून निघालं नाही. लाज वाटली, तरी पोटभर जेवलो.

२६ डिसेंबर
आता पब्लिक चुळबुळलं की अंदाजाने ओढतो. दुपारी झुलाल जवळ बसला, म्हणाला, पळ इथून. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला तुमची जागा परत हवी ना? त्यावर तो हळूच म्हणाला, बाबा नको म्हणू, मले पोळ्याले एकोणिसावं लागलं. ते मशीन पहिले डोळा खातं, मंग बठ्ठा, अख्खा माणूस.
मी हसलो. मोठ्याने हसलो.

३० डिसेंबर
न्हाव्याकडे गेलो. मांडीवर केस पडले ते पांढरे. दुसऱ्या कोणाचे असतील म्हणून झटकले. मग आरसा —

२ जानेवारी १९८५
नाना म्हणाले, दोरी राहू दे, आता मलाच दिसते लपलप. माझ्याकडे न बघता बोलत होते. त्यांच्या तोंडात पुढचे दात —

५ जानेवारी
झुलाल सकाळी उठलाच नाही. दार आता माझ्याकडे. घरी जावं — पण या तोंडाने? आईला काय सांगू, मी कोण —

७ जानेवारी
सहाचा खेळ लागायचाय. तिकिटाच्या पेटीवर वही ठेवून लिहितोय. आत्ताच एक जण आला. तोताराम. माझा थोरला भाऊ. दालमिलमध्ये पत्ता मिळाला म्हणे. माझ्या पाया पडला. म्हणाला, "आबा, मन्हा धाकला भाऊ सुपडू आठे कामले शे का?"
मी इथे कामाला आहे का, हे तो मलाच विचारत होता. मी मान हलवली. नाही म्हणून. लाजेनं — दुसरं काही नाही, लाजेनं.
तो परत निघाला होता. शेठनी थांबवलं. तरणा आहेस, थकलेला दिसतोस, बस, फुकट सिनेमा बघ. तो आत गेला, खांबाशी टेकला. त्याच्या हातात दोरी — नाना मशीन सुरू — ओरडायला हवं, पण ओरडलो तर त्याला कळेल की मी —