सात वर्षांनी धाकटा

प्रिय धाकट्या,

तुझा रिपोर्ट तुझ्या बायकोने फोनवर वाचून दाखवला. यकृतात नऊ सेंटिमीटरची गाठ, रक्तवाहिनीत शिरलेली, ऑपरेशनच्या पलीकडची. वाचताना तिचा आवाज कापत होता, माझा नाही. तिने तुझा निरोपही दिला. चार वर्षांत एकदाही सोनोग्राफी करायला सांगितली नाही म्हणून तू त्या पोरगेल्या डॉक्टरवर तक्रार केली आहेस, आणि शुक्रवारी चौकशी समितीपुढे मी साक्षीला यावं. येईन. पण आधी हे वाच. पडल्या पडल्या तुला दुसरं काम तरी काय आहे.

आईकडून आपल्या दोघांना सारखं असं एकच मिळालं, रक्तातला हा काविळीचा विषाणू. बाकी सगळं तुला. मी आधी आले, तू अकरा मिनिटांनी. तुझं शिक्षण रखडलं, नोकरीची वयोमर्यादा उलटून गेली, तेव्हा बाबांनी कुणाचे तरी हात ओले करून तुझा जन्मदाखला सात वर्षांनी तरुण करून आणला. घरात तो हसण्याचा विषय होता. माझं लग्न ठरेपर्यंत मीही हसत होते. नेमका मुलाचा मामा तुझ्याच ऑफिसातला निघाला, आणि मी भोळेपणाने बोलून गेले की आपण जुळे. तू चहाचा कप खाली न ठेवता म्हणालास, ताईला थट्टेची सवय आहे, ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. वय चोरणारी मुलगी नको म्हणून ती माणसं उठून गेली. तेव्हापासून तू मला चारचौघांत ताईच म्हणत आलास, आणि मी ओ देत आले.

चार वर्षांपूर्वी आपण दोघं त्या डॉक्टरसमोर बसलो होतो. रोजच्या गोळीने विषाणू इतका दबला होता की तपासणीत सापडत नव्हता. सुटलो म्हणून तू पाय ताणून बसलास. तो म्हणाला, विषाणू दबला तरी कॅन्सरचा धोका उरतोच. किती उरला ते वय, पुरुष की बाई आणि रक्तातले दोन आकडे यांना गुण देऊन काढतात, पन्नाशी ओलांडली की वयाचे दोन गुण वाढतात. नऊ किंवा जास्त भरले तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. माझे नऊ भरले. तुझं कार्ड बघून त्याने वय पंचेचाळीस लिहिलं आणि तुझे सात भरले. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही मोठ्या का. मी हो म्हटलं. बावन्न लिहिलं असतं तर तुझेही नऊच झाले असते, ही बेरीज मी तिथे खुर्चीतच केली होती. दार ओलांडेपर्यंत तू मला म्हातारी म्हणून चिडवत होतास.

पहिलं वर्ष मी मनाची समजूत घातली, की तोंड उघडलं तर तुझी नोकरी जाईल. ते खरं नव्हतं. डॉक्टरला तुझ्या नोकरीशी काय देणंघेणं? मला राग होता आणि तो मी जपला. दर सहा महिन्यांनी पोटावर गार जेल घेऊन त्या टेबलावर पडले की वाटायचं, सांगून टाकावं. कपडे नीट करेपर्यंत ते वाटणं निघून जायचं.

शुक्रवारी मी समितीला सांगणार आहे की ते वय डॉक्टरच्या मनातलं नव्हतं, तू दिलेलं होतं. पण एक गोष्ट तुला समितीकडून नाही, माझ्याकडून कळावी, म्हणून हे पत्र. दोन वर्षांपूर्वी मी चार दिवस दवाखान्यात होते, ते पित्ताच्या खड्यांसाठी नव्हे. माझ्याही यकृतात गाठ सापडली होती, दीड सेंटिमीटरची. सुई घालून ती जाळली, आज तिचा मागमूस नाही. तू भेटायला आलास, उशाशी बसून मला सफरचंद सोलून दिलंस, आणि जाताना विचारलंस, ताई, मीही एकदा पोट तपासून घेऊ का. मी म्हटलं, तुला कशाला, तू अजून तरुण आहेस.

तुझीच,
बहीण