कल्हईला गेलेली पातेली

२ मार्च, सोमवार

आज मी आमच्या मराठी मंडळातल्या लतिकाशी खोटं बोलले. नवऱ्याला, उल्हासला, सांगितलं तर तो हसेल, मंडळात सांगता येणार नाही, म्हणून ही वही.

प्रसंग असा. आर्नहेमच्या एका स्पोर्ट्स हॉलमध्ये खेमेंतेने, म्हणजे इथल्या डच नगरपालिकेने, इरिट्रियाहून आलेली कुटुंबं तात्पुरती ठेवली आहेत. लतिका आणि तिच्या मैत्रिणी ऑफिस सुटलं की तिथे मदतीला जातात. हॉलमध्ये जेवण पाकिटातून येतं. चीज लावलेला ब्रेड आणि मांसाचं सूप. निम्म्या बायका त्यातला नुसता कोरडा पाव खातात. शेजारच्या कम्युनिटी सेंटरने स्वयंपाकघर वापरायला दिलंय, पण तिथे कॉफीच्या यंत्राशिवाय काही नाही. तर लतिका म्हणाली, काकू, गणपतीतली मोठी पातेली मिळतील का?

पाच पातेली आहेत. स्टीलची, झाकणांसकट, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. अध्यक्ष या नात्याने मी ती माझ्या गॅरेजमध्ये सांभाळते. महाप्रसादाची भांडी, त्यांत आजवर कांदा-लसूणसुद्धा शिजलेलं नाही. या बायका त्यात मटण शिजवणार. हे लतिकाच्या तोंडावर म्हणवेना. मी म्हणाले, पातेली कल्हईला गेली आहेत.

ती म्हणाली, अच्छा, कल्हईला. मग वेळ लागेल.

मुलगी भोळी आहे. आयटीतल्या लोकांना भांड्यांतलं काय कळतं?

४ मार्च, बुधवार

उपाय सापडला. विस्थापितांना मदत करणाऱ्या स्थानिक गटांसाठी इथल्या एका फाउंडेशनचं आपत्कालीन अनुदान आहे. छोटा अर्ज, लगेच उत्तर. त्यातून नवी भांडी घ्यायची. त्यांची सोय होईल, आपली पातेली सोवळ्यात राहतील, आणि कल्हईचा विषय आपोआप मिटेल.

लतिका अर्ज भरायला बसलीच होती. मी तो तिच्याकडून काढून घेतला. ती म्हणाली, काकू, इमर्जन्सीचा आहे तो, अर्ध्या तासात होतो. हीच ती आजकालची घाई. मी बी.ए. झाले तेव्हा हिचा जन्मही झाला नव्हता.

संकल्प: शुक्रवारी अर्ज रवाना.

६ मार्च, शुक्रवार. संकष्टी

अर्ज गेला नाही. 'पार्श्वभूमी' या मथळ्याखाली मंडळाचा इतिहास लिहिणं भाग होतं. उल्हास वाचून म्हणाला, छान आहे, पण यात निर्वासित कुठे आहेत? तिसऱ्या पानावर आहेत. वाचण्याचा धीर नाही माणसाला.

उपास. साबुदाण्याची खिचडी केली, तुपातली, वर दही. खाताना तो कोरडा पाव आठवला. दुसऱ्यांदा घेतली ती कमी घेतली.

लतिकाचा मेसेज: कल्हई झाली का काकू? पुढे हसरा चेहरा. मी कळवलं, कारागीर सुट्टीवर आहे.

१० मार्च, मंगळवार

अर्ज गेला. मन हलकं व्हायला हवं होतं.

पातेल्यांवर जुनी चादर घातली आहे. कोणी डोकावलं तर उगाच प्रश्न नकोत. उल्हास सायकलचा पंप आणायला गेला आणि विचारत आला, ही काय भानगड? सांगावंच लागलं. तो म्हणाला, स्टीलला कल्हई?

मला माहीत आहे. कल्हई पितळेला करतात, तांब्याला करतात. आमच्याकडे दारावर कल्हईवाला यायचा. त्या वेळी तोंडात तोच शब्द आला, एवढंच. लतिका नॉनस्टिकवर वाढलेली आहे, तिला काय पत्ता?

उल्हास पंप घेऊन गेला. शिट्टी वाजवत गेला, हे मुद्दाम होतं.

१३ मार्च, शुक्रवार

फाउंडेशनचा मेल. दोन शंका आहेत. गटाला आधीपासून कोणती भांडी मिळू शकतात? आणि नेमकं काय शिजवणार, हे खाणाऱ्यांना विचारलंय का?

पहिलीचं उत्तर लगेच लिहिलं: सध्या उपलब्ध नाहीत. चादरीखाली असलेली वस्तू उपलब्ध म्हणता येत नाही.

दुसरीसाठी हॉलवर जाऊन विचारावं लागेल. पाडव्याच्या तयारीत वेळ नाही. पाडवा झाला की पहिलं काम तेच.

२१ मार्च, शनिवार

मंडळाचा पाडवा. दर वर्षी मसालेभात आपणच करतो. यंदा पातेली कल्हईला असल्यामुळे करता येईना. नीउ-व्हेनेपच्या एका केटररला सांगितलं. जिरा राइस आला, बटर पनीर आलं, लच्छा कांदा आला. प्रकाशराव म्हणाले, वहिनी, यंदा गुढी लुधियानात उभारली का?

लतिका वाढत होती. मोठ्याने म्हणाली, काकूंची पातेली कल्हईला गेलीत ना. वैदेहीने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या ताटाकडे. बाकीच्या दोघी-तिघीही एकदम जेवू लागल्या. माझी अडचण समजून घेतली बहुतेक. जुन्या बायकांचं हे बरं असतं.

घरी आल्यावर डोकं दुखत होतं. पनीरमुळे.

२४ मार्च, मंगळवार

आज हॉलवर गेले. ओळीने खाटा, मध्ये पडदे. लतिकाने सेलाम नावाच्या बाईशी गाठ घालून दिली. इंग्रजी बऱ्यापैकी बोलते. मांडीवर लहान मुलगी. सेलामच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

विचारलं, भांडी मिळाली तर काय शिजवाल? म्हणाली, मसूर. कोबी-बटाटा. तेलात. मी विचारलं, आणि मटण? ती दचकलीच. त्यांचा उपास चालू आहे, ईस्टरपर्यंत. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, लोणी-तूप काही नाही. म्हणून कोरडा पाव. आजारी माणसाला आणि लेकुरवाळीला सूट असते म्हणे, पण ती घेत नाही.

मी म्हटलं, आम्हीही उपास करतो. तिला आनंद झाला. काय खाता, विचारलं. मी सांगितलं: साबुदाणा, दाणे, बटाटे, तूप, दही, दूध, केळी. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, आणि सोडता काय?

खिल्ली उडवत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

निघताना तिने मला अर्धं संत्रं सोलून दिलं. ते मी गाडीत बसून खाल्लं.

खरं म्हणजे थेट घरी जाऊन पातेली आणायला हवी होती. पण आजच आणली तर कल्हईचं काय सांगायचं? लतिकाला म्हटलं, या आठवड्यात येतायत परत. ती म्हणाली, बरं काकू.

संकल्प: शनिवारी पातेली रीतसर सुपूर्द करणे. सोबत पत्र. मसुद्यात 'मांसाहार वर्ज्य' अशी अट घातली होती, ती काढून टाकली आहे. फाउंडेशनला मसूर कळवला.

२६ मार्च, गुरुवार

पातेली चिंच लावून घासली. स्टीलला गरज नसते. तरी घासली.

संध्याकाळी लतिकाचा फोन. खेमेंतेने कुटुंबांना उद्या सकाळी एनस्खेडेला हलवायचं ठरवलंय. मी म्हटलं, पण शनिवारी... ती म्हणाली, काकू, गणपती झाल्यावर ती पातेली तुमच्या गॅरेजमध्ये मीच लावली होती. स्टीलची आहेत. मला वाटलं होतं, तुम्ही आपणहून द्याल.

मग तुझ्या त्या मेसेजेसचं काय, असं विचारणार होते. विचारलं नाही. आवाज चढवला असता तिने तर बरं वाटलं असतं.

२७ मार्च, शुक्रवार

सकाळी पातेली गाडीत घालून गेले. बस उभीच होती. माणशी एक बॅग. ड्रायव्हरने डिकीतल्या पातेल्यांकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. सेलाम म्हणाली, तिथे स्वयंपाकघर आहे, भांडीही आहेत, आपलं आपण शिजवायचं. म्हणजे तिला कशाची गरज नव्हती. तिने एका पातेल्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, चांगलं आहे.

माझ्या हातात पातेल्यांसोबतचा मोठा डाव होता. का घेऊन उतरले होते, सांगता येत नाही. तो पुढे केला. तिने विचारलं, यावर काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं: सौ. मृणालिनी यांजकडून सप्रेम भेट. अर्थ सांगितला, आणि नाव माझंच आहे, हेही. तिने डाव बॅगेत खोचला. दांडा बाहेर राहिला.

दुपारी फाउंडेशनचा मेल: अर्ज मंजूर. लतिका म्हणते, ईस्टरनंतर हॉलमध्ये नवी कुटुंबं येणार आहेत. त्यांना काय चालतं, हे ती आधी विचारणार आहे. ती.

नोंद.
सेलामला दिलं: डाव, एक.
लतिकाला दिलं: पातेली पाच, झाकणं पाच, गॅरेजची किल्ली, मंजूर झालेला अर्ज.
अटी: नाहीत.
कल्हई: लागत नाही.