कर्णिक कमान : कोपरी ते दुर्गाडी

३ जानेवारी १९८८, रविवार, सकाळी ९.४०
कोपरीत जनाबाई कोळणीकडे बोंबील घेताना तिच्या टोपलीच्या झाकणावर दगड दिसला. काळे-पांढरे पट्टे. पांढरे अकरा. पट्टिताश्म! ठाण्यात आजवर कुणाला सापडलेला नाही. (माझ्याकडच्या दोन्ही पुस्तकांत तपासलं.) आठवड्याच्या बोलीवर मागून आणला. "परत आनशील ना रं भाऊ? मांजर टोपलीत तोंड घालतंय," म्हणाली. वजन साडेचार किलो.

५ जानेवारी
सौ. सुमती म्हणते, दगडाला मासळीचा वास येतो, गॅलरीत ठेवा. प्राचीन समुद्राचा गंध असणारच. नोंद केली.
सिद्धान्त तयार. समुद्राचा तळ जमिनीखाली घुसला. खडक वितळला. वर ज्वालामुखी कमानीसारखे उभे राहिले. खाली अडकलेला रस थिजला, कोट्यवधी वर्षं दाबला-भाजला गेला, पट्टे पडले. दगड कोपरीत, म्हणजे कमानही इथेच! नकाशावर कंपास फिरवला. एक टोक कोपरी, दुसरं कल्याणचा दुर्गाडी किल्ला. डोंबिवलीतली आमची सोसायटी बरोबर मध्यावर. नाव : कर्णिक कमान. आपोआप सुचलं.

९ जानेवारी
वाचनालयाच्या विज्ञान मंडळात १७ला माझं व्याख्यान. त्यानंतर लगेच अध्यक्षाची निवड. दुसरा उमेदवार नाही. सुमतीला कोट ड्रायक्लीनिंगला द्यायला सांगितलं.
मेहुणा सुधीर कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. म्हणाला, "भाऊजी, दगड खरा आहे, बनला कसा तेही बरोबर. पण इथे खाली सगळा बसाल्ट. हा कुठून तरी आलाय. त्या बाईंना विचारलंत?"
पृथ्वीचा इतिहास कोळणीला विचारायचा! पदव्यांनी माणूस असा होतो.

११ जानेवारी
दगड कालच परत द्यायचा होता. शास्त्राच्या हितासाठी मुदत वाढवली. जनाबाईला कळवायला सवड झाली नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
सुमती कोपरीला जाऊन आली. जनाबाई विचारत होती, माझा दगड कुठंय. सुमतीने तिला व्याख्यानाचं आमंत्रण दिलं. श्रोते वाढलेले बरे.

१७ जानेवारी, रविवार, रात्री ८.१५
हजेरी एकतीस. कोट टाइट. बत्तीस मिनिटं उत्तम बोललो. कमानीवर टाळ्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून जनाबाई उठली.
"ओ भाऊ, तो दगर माजे सासऱ्यानी आनला मालवनशी! रिकामं गलबत लई डुलतं, म्हनून वजनाला दगर भरीत. बंदरावं येऊन टाकून देत. माजे घरामागं अजून धा-बारा हायेत."
सुधीर म्हणाला, मालवणकडे असे खडक आहेतच. मग सगळे तिलाच प्रश्न विचारू लागले. ती पाऊण तास बोलली. गलबतं, वारे, बंदरं. फळ्यावर माझ्या कमानीशेजारी तिने किनारा काढला. (प्रमाण चुकलेलं. तरी माझी कमान पुसून तिच्यासाठी जागा केली, सुधीरने.)
निवड उद्यावर गेली. विचारासाठी वेळ घेतात, ही चांगली खूण.

१८ जानेवारी, सोमवार
सकाळी दगड कोपरीला पोचवला. जनाबाई म्हणाली, "मांजरानं दोन पापलेटं खाल्ली, भाऊ." खेद व्यक्त केला.
संध्याकाळी निकाल. अध्यक्ष सुधीर. पुढच्या महिन्याच्या वक्त्या जनाबाई. तिच्या घरामागचे सगळे दगड वाचनालयात आणायचे ठरले, त्यासाठी वाहतूक समिती. तीवर माझी एकमताने निवड. समितीत मी एकटाच, त्यामुळे प्रमुखही मीच.