कच्च्या मातीचे बाबा

तीर्थस्वरूप आत्यास, कोपरापासून नमस्कार. (गैरसमज नको, तुला कंटाळलेली नाही, हात कोपरापर्यंत चिखलाचे आहेत आणि हे पत्र त्यातल्या त्यात वाळलेल्या बोटांनी लिहिते आहे.) तुझा गुडघा कसा आहे? आतोबा अजून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतात, की तू एकदाची चिडलीस? मी बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

बाबांनी फोनवर त्यांची बाजू सांगितली असेलच, आता माझी ऐक. इथल्या एका आर्ट गॅलरीने माझा प्रयोग ठरवला. पत्रकात मला 'उदयोन्मुख आंतरविद्याशाखीय कलाकार' म्हटलं होतं. म्हणजे मी शिल्प करते, कविता करते, लोकांसमोर सादर होते, शिवाय स्वतःच रचलेला एखादा विधीही करते. आणि यातलं नक्की काय करते हे घरात कुणालाच सांगता येत नाही. बाबा पत्रक वाचून म्हणाले, "चाळिशीत उदय, मग मावळायचं कधी?" तरीही इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पहिल्या रांगेत बसले. विषय मी त्यांना सांगितला नव्हता (इथेच पाणी मुरत होतं), कारण विषय तेच होते.

पडदा सरला तर समोर कच्च्या मातीचे बाबा! छातीपर्यंत, हुबेहूब, चष्म्यासकट. विधी असा, की कवितेची एक ओळ म्हणायची आणि भांडंभर पाणी त्यांच्या डोक्यावर ओतायचं. कविता संपेपर्यंत माती विरघळावी आणि मुलगी मोकळी व्हावी. कवितेखेरीज एक शब्दही बोलायचा नाही, हा नियम माझाच. (माणसाने स्वतःला नियम घालू नयेत. दुसऱ्याने घातलेले निदान मोडता येतात.)

आधी केस गेले. बाबा खूश, कारण खरे केव्हाच गेलेत. मग चष्मा घसरला. मग नाक गेलं आणि बाबा भर सभेत ओरडले, "अगं, नाक!" लोक हसले. तुला ठाऊकच आहे, जन्मभर लोकांना गाडी शिकवल्यामुळे भीती वाटली की त्यांचा पाय आपोआप ब्रेक शोधतो. तो पाय गॅलरीच्या फरशीवर घट्ट दाबलेला मला दिसत होता. मी पुढची ओळ म्हटली. तेवढ्यात त्यांना ठसका लागला. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, "थोडं पाणी दे गं." भांडं माझ्या हातात होतं, काठोकाठ भरलेलं. आत्या, मी ते मातीच्या बाबांवर ओतलं.

लोकांना वाटलं, हे ठरलेलंच आहे. टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी आपली बाटली दिली. बाबा प्यायले, त्यांचे आभार मानले आणि उठून गेले. मी उरलेल्या ओळी म्हटल्या. एकही विसरले नाही, याचंच जास्त वाईट वाटतं. समीक्षकांनी लिहिलं, 'पित्याची तहान हा प्रयोगाचा कळस.' मुलगी काही मोकळी झाली नाही. फरशी मात्र तिलाच पुसावी लागली.

मग मी बाबांच्या घरी गेले. बाबांनी दार उघडलं, "जेवलीस का?" विचारलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्यापेक्षा भांडले असते तर बरं झालं असतं.

आतोबांना नमस्कार, तुझ्या गुडघ्याला आराम.

तुझी चिखलातली भाची

ता. क. : खरं काम राहिलंच. रविवारी बाबांना जेवायला बोलाव, आणि मलाही. एकमेकांना कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. : गॅलरीला प्रयोग पुन्हा हवाय, 'त्या वृद्ध नटासह'. मी साफ नकार कळवलाय.

शेवटचा ता. क. : कळवलेला नाही. गॅलरीने परस्पर बाबांनाच विचारलं. आत्ता त्यांचा फोन आला होता. एवढंच म्हणाले, "या खेपेला हातांची खुर्ची ठेवायला सांग, उठताना त्रास होतो," आणि ठेवून दिला. म्हणजे येणार आहेत, की पुन्हा उठून जाणार आहेत? तू त्यांची बहीण आहेस, तूच विचार.