मागचा डावा टायर

निकेश,

मी ड्युटीले बसनं चालली. नवा टायर उद्या मिळते, तोवर गाडी काढू नको.

सकाळी देवळी रोडवर पंक्चरवाल्याले गाडी दाखवली. आई गेल्यावर दिवाळीत आपण चारही टायर एकदमच टाकले होते. तीन अजून नव्यासारखे आहेत, अन् मागचा डावा तारेपर्यंत घासला. त्यानं हवा पाहिली, अलाइनमेंट पाहिली, सारं बरोबर. मंग विचारलं, "ताई, मागं डावीकडं रोज कोण बसते?"

मी म्हटलं, "कोणीच नाई. मी एकटीच जातो."

सेवाग्रामले नेताना आई तिथंच बसली होती. हवा तपासायचं काम तुझं होतं. रस्त्यात टायर बसला, स्टेपनीतही हवा नव्हती, अन् दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला. मी तुले कधी बोलली नाई.

गाडी हळूहळू घरी आणली. मागचं दार उघडून म्हटलं, "आई, उतर, घर आलं."

गाडी त्या बाजूनं बोटभर वर आली.

घराले कुलूप लावलं नाई. आल्यावर तिच्याशी बोलजो. ती तुझ्यावर रागावली नसावी, पण मले नक्की माहीत नाई.

मयुरीताई