‘ओलं प्लास्टर’ची तबकडी आणि माझ्या वाटणीच्या सात पायऱ्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय कवळ्या घडवणे, अविवाहित, राहणार वडिलांच्या घराचा तळमजला, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे, तर आपल्या मर्जीने हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला आधी मी ज्यांच्या दवाखान्यात चाळीस वर्षे काम केले त्या दंतवैद्यांनी दिला होता. वकीलबाई म्हणाल्या, "दातांच्या डॉक्टरचा चालत नाही हो." म्हणून दुसरा आणून जोडला आहे. याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. दोन्ही रागाच्या भरात केली होती, ती रद्द समजावीत.

कलम १. घराचा तळमजला, म्हणजे पुढची खोली, मागची खोली आणि मोरी, यांची व्यवस्था शेवटच्या कलमात आहे. तिथवर धीर धरावा.

कलम २. जिना. वडील गेल्यावर वरचा मजला थोरल्या भावाला आणि खालचा मला आला. जिन्याचे कोणी बोललेच नाही. बावीस वर्षांपूर्वी आमचे बोलणे बंद झाले, तेव्हा दादाने चौदा पायऱ्या मोजून मधोमध खडूची रेघ ओढली. तो आयुष्यभर वजनमापे तपासणारा निरीक्षक होता, त्याला राहवत नाही. खालच्या सात पायऱ्या मी झाडायच्या, वरच्या सात वहिनींनी. माझ्या सात पायऱ्या मी वहिनींना देते. वर-खाली करून त्यांचेच गुडघे झिजले आहेत, हक्कही त्यांचाच.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे मेण कोरायच्या पट्ट्या, घासायचे यंत्र, प्लास्टर कालवायच्या रबरी वाट्या आणि दातांच्या छटा लावून बघायची पट्टी, ही सगळी दवाखान्यात माझ्या जागी आलेल्या बाईंना द्यावीत. बाई पन्नाशीच्या आहेत, हात चांगला आहे. समोरचे दात मात्र फार पांढरे लावतात. माणूस हसला की आधी दात दिसतात, मग माणूस. त्यांनी एक छटा खाली यावे, ही विनंती.

कलम ४. ‘ओलं प्लास्टर’ या बँडची ‘आतून बंद’ ही तबकडी, तिचे पाकीट आणि तिच्यावरची माझी टिपणे. ही पुढच्या खोलीतच राहू द्यावीत; का, ते शेवटच्या कलमात कळेल. हे कलम लांबणार आहे. वकीलबाईंनी दोनदा घड्याळ पाहिले आहे. पण याशिवाय बाकीच्याचा अर्थ लागत नाही.

पंक नावाच्या संगीताची आरडाओरड ओसरल्यावर काही पोरांनी जे कोरडे, टोकदार, उदास संगीत वाजवले, त्याला पोस्ट-पंक म्हणतात. त्यात गाणारा गात नाही, तक्रार नोंदवल्यासारखा बोलतो. ती तबकडी मी अठ्ठाविसाव्या वर्षी घेतली, तीही चुकून. दुकानात नाव वाचले आणि वाटले, प्लास्टरचे आहे, आपल्या कामाचे असेल. घरी येऊन लावली, आणि मी आणि दादा, दोघेही जेवायला उठलो नाही. एकूण तीनशे प्रती निघाल्या होत्या. बँड तेवढ्यात मोडला होता. आमच्या गावात पाचजणांकडे ती तबकडी होती हे हळूहळू कळले, आणि लॉन्ड्रीवाल्याच्या मागच्या खोलीत, टांगलेल्या सदऱ्यांच्या खाली, दर गुरुवारी पाच वाजता मंडळ भरू लागले. आमच्यापैकी एकानेही तो बँड प्रत्यक्ष ऐकलेला नाही. त्यामुळे मते फार ठाम होती.

वाद शेवटच्या गाण्याचा. गाणे संपते, चार सेकंद शांतता, आणि मग ‘धप्प’ असा आवाज येतो. दादाचे म्हणणे, तो दार आपटल्याचा आवाज आहे, मुद्दाम घेतलेला. तबकडीचे नावच ‘आतून बंद’, त्यांचे सगळे तत्त्वज्ञान त्या धप्पमध्ये आहे. माझे म्हणणे, कोणीतरी स्टुलावरून पडले. मी म्हटले, "दादा, दार आपटलं की आधी कडी वाजते. यात कडी कुठंय?" त्यावर दादा भर सभेत म्हणाला, "तू दातांतलं बघ. संगीतातलं नको."

ते मला लागले. मी म्हटले, "आजपासून तू वर आणि मी खाली."

त्यानंतर वीस वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मंडळ मात्र दोघांनीही सोडले नाही. एकाच घरातून निघायचो, रस्त्याच्या दोन बाजूंनी चालत जायचो, आणि सभेत लॉन्ड्रीवाल्यामार्फत बोलायचो, कारण तो अध्यक्ष. "अध्यक्ष महाराज, आपल्या शेजारी बसलेल्या बाईंना सांगा, त्यांचा मुद्दा पोकळ आहे." लॉन्ड्रीवाला इस्त्री न थांबवता माझ्याकडे वळून म्हणायचा, "ताई, पोकळ आहे म्हणतायत." दादाचे सगळे दात याच काळात पडले. कवळी माझ्याशिवाय कोण करणार? वहिनी त्याच्या जबड्याचा साचा डब्यात घालून खाली आणायच्या, आणि मी कवळी त्याच डब्यातून वर पाठवायचे. वहिनी निरोप सांगायच्या, "छान बसली म्हणतायत."

सहा वर्षांपूर्वी दवाखान्यात एक गृहस्थ कवळीसाठी आले. दंतवैद्यांनी त्यांच्या तोंडात साच्याचा लगदा भरला, आणि तेवढ्यात बाहेर दाढ काढलेल्या एका बाईंचे रक्त थांबेना, म्हणून यांना माझ्या खोलीत बसवून ते धावले. घासकामाला लय सापडावी म्हणून मी ‘आतून बंद’ची कॅसेट लावत असे, ती चालू होती. मी मान वर केली तर गृहस्थांच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली. पाकिटाच्या मागच्या फोटोत ड्रमरची फाटलेली आहे, अगदी तशीच. मी यंत्र बंद केले.

मी म्हटले, "तुम्ही... ‘ओलं प्लास्टर’?"

त्यांनी मान डोलावली. मग मी कॅसेटकडे बोट दाखवले. ते ऐकू लागले, त्यांचे डोळे मोठे झाले, आणि ते "उं! उं उं!" करू लागले. पण साचा सुकायला चार मिनिटे लागतात आणि मधे काढला तर वाया जातो. मी त्यांचे खांदे धरून म्हटले, "हलू नका, आयुष्यभर टोचेल." माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लांब चार मिनिटे. साचा निघाला तसे ते म्हणाले,

"हे आम्ही नाही."

बँड रेकॉर्ड निघायच्या आधीच मोडला होता, ड्रम उचलायची पाळी कोणाची या भांडणावरून. त्यामुळे त्यांनी ती रेकॉर्ड ना पाहिली होती, ना ऐकली. बाकीचे दोघे आता हयात नाहीत. तबकड्यांच्या कारखान्यात कोणाच्यातरी फितीवर यांची चिठ्ठी लागली असणार. नाव यांचे, पाकीट यांचे, फोटो यांचा, आणि आत भलतेच कोणीतरी. ते पुढे झुकून ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "पण ताई, हे फार चांगलं आहे. कोण आहेत हो?"

मी कोणाला काही सांगितले नाही. हा माझा दोष, तो मी इथे लिहून कबूल करते. ड्रमरना मात्र ते संगीत सुटेना. त्यांनी मंडळात यायचे ठरवले, कान झाकणारी कानटोपी घालून, साधे रसिक म्हणून. मंडळात लेखी परीक्षा असते; भूगोलाच्या शिक्षिका पेपर काढतात. चौदावा प्रश्न होता: ‘तिसऱ्या गाण्यात ड्रमर मध्येच का थांबतो?’ यांनी लिहिले, ‘माहीत नाही. दमला असेल.’ शिक्षिकांनी लाल शाईने शेरा मारला, ‘विचार करून लिहावे,’ आणि शून्य दिले. अपेक्षित उत्तर होते, ‘काळाचा निषेध म्हणून.’ त्यांना शंभरात एकतीस पडले. नापास. म्हणून मताचा अधिकार नसलेले श्रोता सभासद म्हणून त्यांना दाराजवळच्या स्टुलावर बसवले, आणि चार वर्षे आम्ही त्यांना त्यांच्याच मनात काय होते ते समजावून सांगत राहिलो. ते वहीत टिपून घेत.

कलम ५. दादाच्या ‘धप्प: एक अभ्यास’ या हस्तलिखिताची, पाने सहाशे बारा, माझ्याकडे असलेली दुसरी प्रत. ती दादाला परत द्यावी. तो माझ्या आधी गेला तर वहिनींना.

हे हस्तलिखित दोन वर्षांपूर्वी पुरे झाले. छापखाना ठरला, तसे ड्रमर माझ्या दारात आले. हातात एक जुनी फीत होती.

"ताई, पुस्तकात माझ्यावर तीन प्रकरणं आहेत. माझा हात म्हणे शतकात एकदा होतो. मी केलंच नाही हो ते. दुसऱ्याचं श्रेय घेऊन मरायचं का मी?"

मी म्हटले, "सांगितलं तर तो कोसळेल."

ते म्हणाले, "आणि नाही सांगितलं तर ज्यांनी वाजवलं त्यांचं काय?"

मी चपला घातल्या, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा खडूची रेघ ओलांडली. दार वहिनींनी उघडले. आम्हाला बघून त्यांनी आधणात दोन कप पाणी वाढवले.

ड्रमरनी फीत लावली. खऱ्या ‘ओलं प्लास्टर’चे खरे संगीत. मृत्युपत्रात खोटे लिहू नये: ते अतिशय वाईट आहे. जिन्यावरून भांडी पडावीत आणि कोणीतरी ती मोजावीत, तसे. दादाने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाला, "कोणीतरी नक्कल केली आहे. ड्रम वाजवणारा तर अगदीच कच्चा."

"बरोबर आहे तुमचं," ड्रमर म्हणाले. "मीच तो." आणि मग कानटोपी काढून त्यांनी सगळे सांगितले.

दादा त्यांच्या कानाकडे बघत राहिला. मग पाकिटावरच्या फोटोकडे. चष्मा कपाळावर होता आणि तो टेबलावर चष्मा चाचपत होता. मग, वीस वर्षांनी, तो थेट माझ्याशी बोलला.

"मग माझे ते कोण गं?"

मी म्हटले, "माहीत नाही, दादा. शोधू या."

नऊ दिवस तो खोलीबाहेर आला नाही. दहाव्या दिवशी सगळ्या चौदा पायऱ्या उतरून खाली आला, हस्तलिखित बगलेत. पहिल्या पानावर बँडचे नाव खोडून तिथे कोरी जागा सोडली होती. म्हणाला, "पुस्तक खोटं नाही. फक्त नाव यायचं आहे." माफी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "कवळी खालून डावीकडे टोचते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

इतकी वर्षे हा माणूस टोचणारी कवळी घालून जेवत होता, कारण सांगायचे तर माझ्याशी बोलावे लागले असते. आणि वहिनी छान बसली म्हणून सांगत होत्या. पाच मिनिटांचे काम होते. मी घासून दिली. त्याने दात मिटून पाहिले, उघडून पाहिले, आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसला.

मंडळालाही आम्ही सांगितले. लॉन्ड्रीवाल्याने पहिल्यांदाच इस्त्री बाजूला उभी केली. तेवढ्यात एका सदऱ्याची बाही जळलीच. शिक्षिकांनी ड्रमरचा पेपर पुन्हा तपासला. त्या म्हणाल्या, "तिसऱ्या गाण्यात तुम्ही नव्हतातच, तर ‘दमला असेल’ हे तुम्हाला कसं माहीत?" गुण एकतीसच राहिले.

कलम ६. राग. लॉन्ड्रीवाल्यावरचा राग (बाही माझ्याच कामाच्या सदऱ्याची होती) सोडून दिला आहे. शिक्षिकांवरचा राग तूर्त शिल्लक आहे. त्या चौदावा प्रश्न मागे घेतील त्या दिवशी तो आपोआप रद्द होईल. दादावरचा राग होता तो कोणालाही देता येण्यासारखा नाही, कारण शोधला तेव्हा सापडला नाही.

कलम ७. तळमजला आणि बँकेतली ठेव. दोन वर्षे आम्ही वर्तमानपत्रात त्या खऱ्या वाजवणाऱ्यांच्या शोधाची जाहिरात देतो आहोत. आजवर एकच गृहस्थ आले, निवृत्त पशुवैद्य. त्यांनी आमच्या पुढच्या खोलीत तुतारी वाजवून दाखवली. तबकडीत तुतारी नाही. चहा देऊन बोळवण केली.

तरी जाहिरात थांबवू नये. ठेवीचे व्याज त्यासाठीच वापरावे, आणि तळमजला, पुढची खोली धरून, विकू नये किंवा भाड्याने देऊ नये. ज्यांनी ती तबकडी खरोखर वाजवली, त्यांना आपली फीत हरवली एवढेच ठाऊक असेल. आपले कोणी ऐकलेच नाही, असे समजून ते उतरत्या वयात कुठेतरी बसले असतील. हे मला सहन होत नाही. त्यांच्यापैकी कोणीही, कधीही आले, तर खोली त्यांची. दात गेले असतील तर दवाखान्यातल्या बाईंनी कवळी करून द्यावी, आणि टोचते का ते तोंडावर विचारावे.

त्यांना तबकडीचे नाव सांगू नये. ते त्यांनी ठेवलेले नाही. त्यांना आधी बसवावे, पाणी द्यावे, तबकडी लावावी, आणि मग विचारावे की तुमचे नाव काय होते. जे सांगतील ते दादाच्या पुस्तकातल्या कोऱ्या जागेत शाईने लिहावे, आणि मंडळाचे जे कोणी तेव्हा उरले असतील त्यांनी ते एकदा मोठ्याने वाचावे.

या मृत्युपत्राचा अंमल वकीलबाईंनी करावा. त्या आता घड्याळ बघत नाहीत. तबकडी पुन्हा लावा म्हणाल्या आहेत.

हे सगळे मला वाचून दाखवले, समजले, आणि मी सही केली.

सही: (कवळ्या घडवणारी)

आमच्या समक्ष सही झाली:

साक्षीदार पहिला: श्रोता सभासद, ड्रमर. मला यातून काही मिळत नाही, याची खात्री करून सही करतो.

साक्षीदार दुसरी: भूगोलाची शिक्षिका. सही खरी आहे एवढ्यापुरतीच माझी साक्ष. चौदाव्या प्रश्नाबाबत विचार चालू आहे.

ठिकाण: घराचा तळमजला, पुढची खोली
दिनांक: १७ ऑक्टोबर, गुरुवार, मंडळ भरण्याच्या आधी