तात्या रस्त्यापलीकडे राहिले त्याची हकिकत

आदरणीय दाजी यांस,

विक्रमचा साष्टांग नमस्कार. आपली शुगर, निशाअक्काचे गुडघे आणि शेतातला ऊस ठीक असतील असे धरून चालतो. आमच्याकडे चालणे सोडून बाकी सर्व ठीक आहे.

तात्या हल्ली घरी राहत नाहीत. घाबरू नका, ते दिसतात. आमच्या गच्चीवरून पाहिले की रस्त्यापलीकडे, चुलतभाऊ सलिलच्या ओसरीवर धोतर वाळत घालताना स्पष्ट दिसतात. आई इकडून हात करते, ते तिकडून करतात. मधून मोटारी जातात.

आपल्या लग्नाची वरात ज्या रस्त्याने आली, तोच हा रस्ता. आता हायवे तुंबला की सगळी वाहने मोबाईलमधल्या बाईचे ऐकून आमच्या गावात शिरतात. (ती बाई 'डावीकडे वळा' म्हणते, 'पुढे माणसे राहतात' असे म्हणत नाही.) म्हणून आम्ही ग्रामसुधारणा समिती काढली. मी सचिव. सिग्नल सुचवला, तर जुनी मंडळी म्हणाली की सिग्नल आला म्हणजे गाव गेले. स्पीडब्रेकर म्हटले, तर नव्या सोसायट्यांच्या कमरा आडव्या आल्या. पादचारी पुलावर चढायला तात्यांनीच नकार दिला. शेवटी वाहने हळू होतील आणि गावही गावासारखे दिसेल असे काहीतरी करायचे ठरले. त्यासाठी शेफाली मॅडम नावाच्या आर्किटेक्ट आल्या. स्वभावाने फार चांगल्या. पण पहिल्याच सभेत त्या म्हणाल्या की मला तुमच्या गावाचे चारित्र्य जपायचे आहे, आणि निम्म्या बायका उठून गेल्या. (त्यांना गावपण म्हणायचे होते. हे समजावण्यात सभा संपली.)

मॅडमनी दगडी फूटपाथ केला आणि चौकात एक सजवलेली बैलगाडी ठेवली. ती पाहून मोटारी खरोखर हळू झाल्या. मग थांबल्या. मग माणसे उतरून बैलगाडीत बसून फोटो काढू लागली. मोटारी फूटपाथवर लागल्या, उरलेल्या जागेत गावरान मिसळीचे दुकान आले आणि आम्ही चालणारे रस्त्याच्या मधोमध आलो. ज्यांना फोटो काढायचा नसतो ते खोळंबल्याच्या रागात उरलेल्या फटीतून दुप्पट वेगाने जातात.

तात्या रोज संध्याकाळी पलीकडच्या पारावर जात. एकदा परत येताना मोटरसायकलचा धक्का लागला. कोपर फुटले, टोपी मागच्या गाडीखाली गेली. पोरगा सभ्य होता. त्याने तात्यांना उचलून पारावर बसवले, पाया पडला आणि बैलगाडी कुठे आहे ते विचारून गेला.

मी धावलो. (म्हणजे रस्त्यापर्यंत धावलो. पुढे बराच वेळ उभाच होतो.) पलीकडे पोचल्यावर म्हटले, माझा हात धरा, हळूहळू जाऊ. तात्यांनी आपला हात उपरण्याखाली घेतला.

"विक्या, ह्या रस्त्यानं म्या बैलं नेली, तुझ्या अक्काची पाठवणी केली, तुझ्या आज्याला खांद्यावरनं नेला," ते म्हणाले. "आता मला वलांडायला तुझा हात लागतो व्हय? म्या हितंच बरा हाय."

दाजी, मी आग्रह केला नाही. परत ओलांडायची भीती मलाही वाटत होती.

तेव्हापासून त्यांचा डबा रिक्षाने जातो. गर्दीत मध्येच वळता येत नाही म्हणून रिक्षा वारज्यापर्यंत जाऊन वळून येते, तोवर भाकरीचा पापड होतो. स्पीडब्रेकरचा विषय मी पुन्हा सभेत घेतला, पण निम्मे सभासद पलीकडे राहतात. ते येऊ शकले नाहीत, गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली. शेफाली मॅडम तात्यांना भेटून रडल्या, बैलगाडी हलवते म्हणाल्या. त्याला मिसळवाल्याने हरकत घेतली. त्याच्या मते गावाचे गावपण जाईल. (तो समितीच्या अध्यक्षांचा जावई आहे.)

जास्त काय लिहू. अक्काला काळजी करू नको म्हणावे. ती मी करतोच आहे.

आपला,
विक्रम

ता. क. पत्राचे खरे कारण वर लिहायला धीर झाला नाही. तात्यांना काही दिवस आपल्याकडे लोणीला न्याल का? लेकीच्या घरी राहायला ते संकोचतील, पण आपले घर हायवेपासून आत, शेतात आहे.

आणखी एक. आईने हे वाचले आणि स्वतःची पिशवी भरली. तेव्हा येताना आधी तात्यांच्या बाजूने या, मग वारज्याहून वळून आईच्या बाजूला. दोघांना खोली लहान असली तरी चालेल. फक्त एकच द्या.